उकळत्या पाण्याचे शनिवार

इथं गंज चढायला वेळ लागत नाही. डिसेंबर लागला की ढग परदेशातल्या या आमच्या हौगांग वस्तीच्या ब्लॉकांवर येऊन बसतात ते उठायचं नाव घेत नाहीत. खिडकीबाहेर बांबूवर अडकवलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. विळीचं पातं, सुनेच्या डब्यातली सुई, माझ्या छत्रीच्या काड्या, ज्याला त्याला तांबूस पूड धरते. सून म्हणते, बाबा, हवाच तशी आहे इथली. हवा तशी आहे हे खरं, पण लोखंड पुसायला कोणी मनाई केली आहे? मी चोवीस वर्षं पलटणीच्या कोतात काढली. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण रायफलच्या नळीतून झालं. त्यामुळं गंज दिसला की मला बसवत नाही. चिंधी घेतो, तेलाचा थेंब टाकतो आणि पुसत बसतो. पुसता पुसता हसू येतं, कारण दर वेळी तोच एक डिसेंबर आठवतो.

चार वर्षं झाली त्याला. सार्सच्या साथीत तोंडाला फडकी बांधून फिरायचे दिवस मागं पडले होते. मेट्रोच्या जांभळ्या लाईनच्या गाडीला अजून नव्या रंगाचा वास यायचा. मिलिंद, माझा मुलगा, वन-नॉर्थला संशोधनाच्या कामावर जायचा, सून बँकेत, नात शाळेत. फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघंच, मी आणि द्रुपदा, माझी बायको. तिला जाऊन हा दुसरा डिसेंबर. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे रडायचं असं लोक धरून चालतात. मी रडतो तेव्हा रडतो, ते माझं मी बघून घेईन. तो डिसेंबर मात्र रडायचा नाही.

ओळख वासावरून झाली. एका शनिवारी दुपारी आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. आत एक किडकिडीत चिनी म्हातारा उभा होता, माझ्याच वयाचा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. लिफ्टचं दार मिटलं आणि मला वास आला. जळलेल्या दारूचा, तेलाचा आणि तापून निवलेल्या लोखंडाचा. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण नाक निवृत्त होत नाही. मी माझ्या फौजी इंग्रजीत विचारलं, रायफल? फायर? तो बिचारा दचकला. या देशात बंदुकीचा नुसता संशय म्हणजे थट्टा नव्हे. घाईघाईनं म्हणाला, क्लब, क्लब, लायसन्स. द्रुपदानं मला कोपरानं ढोसलं. चोर धरल्यासारखं काय विचारता, आधी माणसाचं नाव तर विचारा, म्हणाली.

नाव टॅन. आमच्या खाली दोन मजले. हार्बरफ्रंटला जहाजांच्या एका ऑफिसात कारकुनी करून रिटायर झालेला, बायको नाही, मुलगा ऑस्ट्रेलियात. त्या दिवसापासून संध्याकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलापाशी आम्ही बसायला लागलो. तो मला सार्जंट म्हणायचा. मी हवालदार होतो, हुद्दा तोच, पण इंग्रजीत तो बढतीसारखा वाटायचा. द्रुपदाला तो मॅडम म्हणायचा. ती त्याच्याशी सरळ मराठीत बोलायची. ती बाजारातल्या मासेवालीशी, बसच्या ड्रायव्हरशी, डॉक्टरशी, सगळ्यांशी मराठीतच बोलायची, आणि कोणाचं अडल्याचं मला आठवत नाही.

टॅनचं दुःख त्या टेबलावर कळलं. त्याच्याकडे एक जुनी थ्री-नॉट-थ्री होती. त्याच्याकडे म्हणजे क्लबच्या कुलपात. इथं बंदूक घरी येत नाही. तीस वर्षं तो दर शनिवारी जाऊन ती चालवत होता. तिच्या मापाची काडतुसं आता मिळेनात, तेव्हा क्लबानं कुठल्याशा फौजेनं मोडीत काढलेल्या जुन्या पेट्या आणल्या होत्या. डिसेंबरअखेर म्हाताऱ्यांचा सामना व्हायचा, तो त्याच काडतुसांवर. पण ती झाडली की पुढच्या शनिवारी नळीत लाली दिसायची. कितीही तेल घाला, लाली येणारच. आणि जानेवारीच्या पहिल्या शनिवारी जुन्या हत्यारांची तपासणी होती. ज्या नळीत गंज सापडेल ती रायफल कापायला जाणार. त्याच्या दोन दोस्तांच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. टॅननं दोन बोटांची कात्री करून हवेत कापून दाखवलं आणि मग ती बोटं तशीच टेबलावर ठेवून बसला.

मी म्हणालो, मी येतो. छाती काढूनच म्हणालो. चोवीस वर्षांत माझ्या कोतातल्या एकाही नळीवर साहेबाला बोट ठेवता आलं नव्हतं.

क्लब दूर पश्चिमेला. औटरमला गाडी बदलायची, बुओना व्हिस्टा मागं टाकायचं, मग बस, मग चालायचं. मी पाहुणा म्हणून वहीत पासपोर्टचा नंबर लिहून दिला. तिथला हत्यारखोलीचा माणूस हमीद, भरदार मिशीचा मलय गृहस्थ, नियमाचा पक्का. त्यानं भिंतीवरचा कागद दाखवून सांगितलं की पाहुण्यानं हत्याराला हात लावायचा नाही. बघायचं, बसायचं, बोलायचं, पण हात नाही.

आता माझी गत काय झाली असेल बघा. आयुष्यभर हातानं केलेलं काम मला तोंडानं करायचं होतं. टॅन साफ करतोय, मी बाजूच्या स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांवर. बोल्ट काढ. आता दोरी टाक. चिंधी घे. एवढी मोठी नको, अडकेल. एका दमात ओढ, मधे थांबू नको. बोटं आपोआप वळवळायची आणि हमीद खाकरायचा. चिंधी आधी काळी आली, मग करडी, मग पांढरी. पांढरी चिंधी म्हणजे साफ नळी, हा माझा चोवीस वर्षांचा धडा. वर तेलाचा हात द्यायला लावला आणि टॅनची पाठ थोपटली. त्यानं मला कॅन्टीनमध्ये दाट गोड कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली. घरी येऊन मी द्रुपदाला सगळं रंगवून सांगितलं.

पुढच्या शनिवारी टॅननं नळी उजेडाकडं धरली आणि माझ्या डोळ्यापुढं आणली. आत विटेच्या रंगाची साय धरली होती.

मी खजील झालो. तारेचा ब्रश मारून, तेलात भिजवून ती लाली निघाली, अजून खोल गेली नव्हती. पण त्या दिवशीही त्यानं दहा गोळ्या झाडल्याच होत्या, म्हणजे आठवड्यानं पुन्हा तेच. सामन्याला चार शनिवार, तपासणीला पाच. हमीद म्हणाला, उकळतं पाणी घालतात म्हणून मी ऐकलंय कुठंतरी. मी त्याला उडवून लावलं. पाणी आणि रायफल? पलटणीत कोणी ओल्या हातानं रायफल धरली तर मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो. असं मी हमीदला ताठ मानेनं सुनावलं. चूक ही अशी होते. माहीत नसल्यानं झाली असती तर एवढं वाटलं नसतं. माहीत होतं, विसरलो होतो, आणि वर ऐट होती.

घरी आलो तर द्रुपदा लोणचं घालत होती. तेक्का मार्केटमधून कैऱ्या आणून, इथल्या दमट हवेत बुरशी येऊ नये म्हणून ती वरून बोटभर तेल ओतायची. मी चिडून खुर्चीत बसलो आणि सांगितलं, एवढं तेल पाजूनही ती नळी गंजते. तिनं काडतुसं कसली म्हणून विचारलं. जुनी, मी म्हणालो, मोडीतल्या पेट्यांची.

ती हात पुसत माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आवं, जुन्या पेट्यांच्या सालात तुमी माझं न्हायचं पाणी पळवत व्हता, इसरला काय?"

मी विसरलो होतो. नव्या लग्नाचं पहिलं साल. आम्हाला फॅमिली क्वार्टरची एक खोली मिळाली होती, कोताच्या भिंतीला लागून. त्या थंडीत चांदमारीला कुठल्या तरी लढाईतून उरलेल्या जुन्या पेट्या आल्या होत्या, आणि उस्तादाचा हुकूम होता की त्या झाडल्या की नळीतून उकळतं पाणी गेलंच पाहिजे. लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, लांब, पाणी आणेपर्यंत निवायचं. द्रुपदाचा बंब भिंतीपलीकडं धुमसत असायचा. मी यायचो, बादली भरायचो, निघून जायचो. त्या एका हंगामानंतर नवी काडतुसं आली, पाण्याची गरज संपली, आणि माझ्या डोक्यातून ते गेलं. तिच्या डोक्यातून कसं जाईल? ती सगळी थंडी ती गार पाण्यानं न्हाली होती. मला इतकी वर्षं वाटत होतं की तिला गार पाणीच आवडतं.

मी म्हणालो, पण तेल असताना पाणी कशाला, हे त्या उस्तादानं काही सांगितलं नव्हतं. तिनं बरणीकडं बोट केलं.

"ह्यात मीठ घातलंय. वरून तेल वतलं म्हणून मीठ जातं व्हय? आत तसंच ऱ्हातं. मिठाला पाणीच लागतं."

बस. एवढंच होतं ते. नंतर मिलिंदनं कॉम्प्युटरवर बघून मला समजावलं की जुन्या काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यातून जळल्यावर मिठासारखा क्षार उरतो, तो डोळ्यांना दिसत नाही, चिंधीवर पांढऱ्यावर पांढरा काय दिसणार, आणि तेलाखाली तो हवेतलं पाणी ओढत बसतो. तोपर्यंत माझ्या घरच्या शास्त्रज्ञानं ते कैरीवरून सांगून टाकलं होतं. मिलिंद हसत म्हणाला की आईला वन-नॉर्थला घेऊन जातो.

सोमवारी आम्ही हौगांगच्या बाजारातून विजेची किटली घेतली. थर्मासात पाणी नेऊन बघायचा माझा विचार होता, पण द्रुपदा म्हणाली, उकळतं म्हणजे उकळतं, गाडीतून नेलेलं पाणी चहाच्या कामाचं. लोखंड आतून एवढं तापलं पाहिजे की आपलं आपण वाळलं पाहिजे. हेही तिलाच आठवत होतं.

शनिवारी ती आली. जांभळ्या नऊवारीत, कापडी पिशवीत किटली, नरसाळं आणि माझ्या जुन्या लेंग्याच्या चिंध्या. हमीदनं तिच्याकडं बघितलं, किटलीकडं बघितलं आणि उठून भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला. दोनदा वाचला. पाहुण्यानं हत्याराला हात लावायचा नाही असं लिहिलं होतं. पाण्याबद्दल काही नव्हतं. त्यानं स्वतः प्लग लावून दिला.

त्या चार शनिवारांचं मी काय सांगू? बाहेर पत्र्यावर पाऊस एवढा कोसळायचा की गोळीचा आवाजसुद्धा त्यात बुडायचा. आत किटली गुणगुणायची. टॅन जाड हातमोजे घालून नळी उभी धरायचा, खाली बादली, वर नरसाळं, आणि द्रुपदा पदर खोचून पाणी सोडायची. धार कशी, न तुटणारी, न उसळणारी. गावाकडं तिनं दहा-बारा घरची बाळं पायावर घेऊन न्हाऊ घातली होती, तोच हात. नळीशी बोलायची सुद्धा. झालं हं, झालं, आता थोडंच राहिलं. टॅनला यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तो प्रत्येक वेळी मान हलवून यस मॅडम म्हणायचा. खालून पाणी आधी शाईसारखं निघायचं, मग राखेसारखं, मग निर्मळ. नळीच्या तोंडातून वाफ निघायची आणि त्या वाफेला जो वास होता, ओल्या लोखंडाचा आणि तिच्या ओल्या पदराचा, तो मला कुठल्या अत्तरात मिळायचा नाही. मग कोरडी चिंधी, मग तेलाचं बोट. माझे हात मांड्यांवर. मी आपला सूचना देत होतो, पण दुसऱ्या शनिवारनंतर माझं कोणी ऐकेनासं झालं.

रविवारी आमची बुद्धवंदना असायची, कोणाच्या ना कोणाच्या फ्लॅटवर. सगळी शिकलेली माणसं, इंजिनिअर, अकाउंटंट. वंदना झाल्यावर बायका खाण्याच्या ताटांपाशी जमायच्या. काकू शनिवारी कुठं असता, म्हणून कोणी विचारलं तर द्रुपदा अगदी सहज म्हणायची, बंदुका धुवायला जाते. एका नव्या सुनेला वाटलं काकू पोलिसात आहेत, ती त्या दिवशी तिच्याशी फार अदबीनं वागली. माझ्या नातीनं वर्गात सांगितलं तर बाईंनी मिलिंदला चिठ्ठी पाठवली. नात घरी येऊन इथल्या वळणाच्या इंग्रजीत आजीवर चिडली, "आजी, नोबडी बिलीव्ह मी लाह." आजी म्हणाली, मग त्यांना पण घेऊन ये, पाणी कमी पडत नाही.

आता कधी वाटतं, पलटणीत असताना मी तिला काय दिलं? बदल्या दिल्या, वाट बघायला लावली, गार पाणी दिलं. म्हातारपणी परक्या मुलखात चौदाव्या मजल्यावर आणून ठेवलं. आणि ती त्या परक्या मुलखात एका परक्या माणसाच्या रायफलीसाठी पदर खोचून उभी राहिली, लग्नात राहिली नसेल एवढ्या हौसेनं. घरी परत येताना गाडीत मला म्हणायची, आज धार बरी पडली ना? मी म्हणायचो, ठीक. कौतुक करायची आमच्यात रीत नव्हती. आता रोज करतो, भिंतीवरच्या फोटोपुढं. ऐकायला उशीर झालाय, पण करतो.

सामन्याच्या दिवशी टॅननं फार वाईट नेम मारला. सतरा म्हाताऱ्यांत सतरावा आला. चष्म्यावर पावसाचे थेंब, वर आम्ही मागं बसून बघतोय. द्रुपदानं विचारलं, जिंकला का? मी सांगितलं, शेवटून पहिला. ती म्हणाली, असू दे, बंदूक तर मजेत आहे. आणि खरंच टॅन एवढा खूश होता की त्यानं सगळ्यांना कोपी पाजली. मग आम्ही पुन्हा किटली लावली, कारण सामना हरलेल्या नळीतही मीठ तेवढंच असतं.

मधला आठवडा मात्र टॅन रोज संध्याकाळी टेबलापाशी येऊन बसायचा. मी काही विचारलं की आकाशाकडं बघायचा. पाऊस थांबलाच नव्हता.

जानेवारीचा पहिला शनिवार. तपासणीचा साहेब तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, हातात बारका दिवा. टेबलावर अकरा जुनी हत्यारं मांडलेली. पहिली तीन झाली. चौथ्या रायफलीच्या नळीत त्यानं दिवा धरला, डोळा लावला, काढला, पुन्हा लावला, आणि ती उचलून डाव्या बाजूला ठेवली. तिचा मालक, पांढऱ्या दाढीचा एक सरदारजी, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सातवी पण डावीकडं गेली. टॅनची नववी होती. तो माझा दंड धरून उभा होता, पण त्याला ते माहीत नसावं. त्याच्या बोटांचा वळ रात्रीपर्यंत राहिला.

साहेबानं टॅनची रायफल उचलली. दिवा आत सोडला. डोळा लावला. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. हमीदनं मिशीवरून हात फिरवायचा थांबवला. साहेबानं डोळा काढला, रायफल खाली ठेवली आणि कागदावर लिहायला लागला.

काय लिहितोय, डावीकडं की उजवीकडं, काही कळेना. द्रुपदा मात्र खाली वाकून किटलीची वायर गुंडाळायला लागली. मी हळूच म्हणालो, थांब, अजून निकाल नाही लागला. ती वायर गुंडाळतच म्हणाली,

"लागला की. त्यानं पुन्ना डोळा लावला न्हाई."

आणि साहेबानं रायफल उजव्या बाजूला ठेवली.

टॅननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, मग द्रुपदापुढं जाऊन कमरेत वाकला, एकदा, मोठ्या माणसापुढं वाकतात तसा. ती संकोचली. माझ्याकडं बघून म्हणाली, सांगा त्याला, मीठच तर होतं. मी सांगितलं नाही. मला इंग्रजीत ते जमलं नसतं.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं शेजारी शेजारी बसलो. टॅन मधेच एकटाच हसायचा. द्रुपदा डुलक्या घेत होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं, ती दचकून सावरायची, पुन्हा यायचं. चारचौघांत असं बसायची आमची पद्धत नव्हती. त्या दिवशी मी खांदा हलवला नाही.

डिसेंबर आला की मी खिडकीपाशी बसतो आणि त्या पावसाळ्याकडं एक डोळा मिटून बघतो. एकदा बघून माझं भागत नाही. पुन्हा बघतो, पुन्हा बघतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं काही डाग राहिलाय का म्हणून. अजून तरी सापडलेला नाही.